पुस्तक चाळायचं कसं?

आज आपण वाचण्याविषयी बोलू या. अक्षरओळख तुम्हाला आहेच. पण हाताशी तासभरच असेल तर जाडजूड पुस्तकातलं कामाचं कसं वाचून काढायचं, हा आजचा विषय आहे.

टेंभुर्णीत आणि जाफराबाद तालुक्यातल्या गावोगावी अशा कितीतरी बाया आहेत, ज्यांची शाळा आठवी-नववीत सुटली. लग्न झालं, लेकरं झाली. आता लेकरं शाळेत जातात आणि आईलाही वाटतं, आपणही दहावी व्हावं. कुणी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसते. कुणी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा अभ्यासक्रम घेते. हे विद्यापीठ १९८९ पासून घरबसल्या शिकणाऱ्यांसाठीच चाललं आहे. अंगणवाडी सेविका किंवा मदतनीस व्हायचं तर आता बारावी पास लागते. म्हणजे हे शिक्षण नुसत्या हौसेचं राहिलं नाही. त्यावर घरात येणारा पैसा अवलंबून आहे.

पण वेळ कुठे आहे? दिवाळीपासून कापूस वेचणी. ती उरकते तोवर हरभरा सोंगणीला येतो, मग गहू. आणि दहावी-बारावीची परीक्षा नेमकी फेब्रुवारी-मार्चमध्ये! दिवसभर रानात, सकाळ-संध्याकाळ चुलीपुढे. रात्री भांडी झाल्यावर पुस्तक हातात येतं तेव्हा डोळे मिटायला लागलेले असतात.

अशा वेळी बहुतेकजणी एक करतात. पहिला धडा, पहिली ओळ, तिथून सुरुवात. एकेक शब्द वाचत तीन पानं होतात, झोप लागते. दुसऱ्या दिवशी मागचं आठवत नाही म्हणून पुन्हा पहिल्या पानापासून. महिना जातो. पहिल्या धड्याची पानं मळतात आणि मागचे धडे कोरे करकरीत राहतात. मग वाटतं, आपल्याच्यानं हे व्हायचं नाही. खरं तर डोक्यात काही कमी नसतं, वाचायची रीत बदलायची असते.

त्यासाठी आपल्या भाषेत एक जुना शब्द आहे, चाळणं. आपण म्हणतो, "मी पुस्तक नुसतं चाळलं." म्हणताना ते जरा कमीपणानं म्हणतो, जणू चाळणं म्हणजे कामचुकारपणा. पण पीठ चाळताना आपण काय करतो? सगळं पीठ चाळणीतून जातं. एकही मूठ सुटत नाही. फक्त कोणतं कशाला वापरायचं ते वेगळं होतं. पुस्तकाचंही तसंच. पूर्ण धड्यावरून नजर जाते, पण कुठे थांबून नीट वाचायचं आणि कुठून पुढे सरकायचं, हे आपण ठरवतो. चाळणं म्हणजे टाळणं नव्हे.

हिशेब करून बघा. दहावीचं इतिहास व राज्यशास्त्राचं २०१८ साली आलेलं पुस्तक घ्या. त्यात इतिहासाचे ९ आणि राज्यशास्त्राचे ५, असे १४ धडे आहेत. एक धडा शब्दन्‌शब्द वाचायला तीन रात्री लागल्या तर पुस्तकाला ४२ रात्री लागतील. चाळायला मात्र एका धड्याला दहा मिनिटं धरा. १४ धड्यांचे १४० मिनिटं, म्हणजे दोन तास वीस मिनिटं. रोज एक तास दिला तर तिसऱ्या रात्री सगळं पुस्तक एकदा नजरेखालून गेलेलं असेल. पाठ झालेलं नसेल, पण कोणता धडा सोपा, कोणता अवघड, कोणत्याला किती वेळ द्यायचा, हे कळलेलं असेल. उरलेल्या रात्री कुठे खर्च करायच्या ते आता तुम्ही ठरवू शकता.

ही रीत काही नवी नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ साली अभ्यास कसा करावा यावर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी पाच पायऱ्या सांगितल्या. आधी धडा चाळा, मग स्वतःला प्रश्न विचारा, मग वाचा, मग पुस्तक मिटून आठवून सांगा आणि शेवटी उजळणी करा. आजही जगभर विद्यार्थ्यांना ही रीत शिकवतात. त्यातली पहिली पायरी चाळण्याचीच आहे, हे लक्षात घ्या.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते बघू. पुस्तक जवळ असेल तर उघडा, हातात पेन्सिल घ्या.

पहिलं काम, धडा शेवटून उघडा. शेवटी स्वाध्याय असतो, म्हणजे प्रश्न. ते आधी वाचा. उत्तरं येणार नाहीत, येऊ नयेतच. पण या धड्यातून काय विचारतात हे कळतं. बाजाराला जाताना काय आणायचं ते मनात असलं की पाय बरोबर त्याच दुकानाकडे वळतात. तसं प्रश्न मनात असले की नजर उत्तराकडे वळते.

दुसरं काम, धड्याचं नाव आणि आतले मथळे वाचा. ठळक अक्षरं, चौकटी, चित्रांखालच्या ओळी, तक्ते बघा. राज्यशास्त्रातला चौथा धडा आहे 'सामाजिक व राजकीय चळवळी'. नुसते मथळे वाचले तरी कळतं की यात आदिवासी, शेतकरी, कामगार, स्त्रिया, पर्यावरण आणि ग्राहक अशा चळवळी आहेत. हे मथळे म्हणजे धड्याचा सांगाडा. मांस नंतर भरता येतं. मुक्त विद्यापीठाच्या पुस्तकात तर हे आणखी सोपं असतं, कारण प्रत्येक घटकाला उद्दिष्टं आणि सारांश दिलेला असतो. ते दोन्ही आधी वाचा.

तिसरं काम, पहिला परिच्छेद पूर्ण वाचा आणि शेवटचा परिच्छेद पूर्ण वाचा. लिहिणारा सुरुवातीला काय सांगणार ते सांगतो आणि शेवटी काय सांगितलं ते गोळा करतो.

चौथं काम मधल्या परिच्छेदांचं. त्यांचं फक्त पहिलं वाक्य नीट वाचा. बाकीच्या ओळींवरून नजर फिरवा. कापूस वेचताना आपण झाडाचं पान न्‌ पान बघत नाही. नजर फुटलेल्या बोंडावर जाते, हात तिथेच जातो. तशी नजर काही ठरावीक गोष्टींवर अडू द्या. साल, नाव, आकडा. 'म्हणून', 'कारण', 'मात्र', 'याउलट' हे शब्द. 'पुढीलप्रमाणे', 'प्रमुख', 'पहिले', 'दुसरे' हे शब्द. जिथे हे दिसतात तिथे कामाचं काहीतरी असतं.

पाचवं काम, पेन्सिलीनं समासात खूण करा. माहीत आहे तिथे बरोबरची खूण. नीट वाचायला लागेल तिथे फुली. कळलंच नाही तिथे प्रश्नचिन्ह. शाई नको, पेन्सिलच वापरा, कारण पुढच्या वेळी काही फुल्या पुसायच्या आहेत.

सहावं काम सगळ्यात महत्त्वाचं. पुस्तक मिटा आणि धड्यात काय आहे ते तीन-चार वाक्यांत मोठ्यानं सांगा. लेकराला सांगा, सासूबाईंना सांगा, कुणी नसेल तर चुलीला सांगा. सांगता आलं तर चाळणं जमलं. नाही आलं तर नजर फिरली पण मन दुसरीकडे होतं, असं समजा आणि पुन्हा एकदा मथळे बघा.

आता एक नमुना बघू. मी एक परिच्छेद वाचून दाखवते. ऐका.

"पूर्वी विकत घेतलेल्या मालात खोट निघाली तर सामान्य ग्राहकाला दिवाणी न्यायालयात जावे लागे. तेथे वेळ आणि पैसा दोन्ही जास्त लागत. म्हणून १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा करण्यात आला. या कायद्याने जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय अशा तीन पातळ्यांवर तक्रार ऐकण्याची व्यवस्था उभी केली. २०१९ साली त्याच्या जागी नवा कायदा आला आणि तो जुलै २०२० पासून लागू झाला. नव्या कायद्यातील महत्त्वाचा बदल म्हणजे ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्यातही त्याला तक्रार करता येते. मात्र पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा या कायद्यानुसार ग्राहक ठरत नाही."

हे चाळताना नजर कुठे अडेल? 'म्हणून १९८६', 'तीन पातळ्या', '२०१९', 'महत्त्वाचा बदल', 'मात्र'. एवढ्या पाच जागा. यांच्यावरून आपण सांगू शकतो की १९८६ ला कायदा झाला, तीन पातळ्या आहेत, २०१९ ला तो बदलला आणि आता राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे पुण्याच्या कंपनीचा माल टेंभुर्णीत घेतला आणि खोटा निघाला, तर जालन्याच्या जिल्हा आयोगाकडे जाता येतं. परीक्षेचं उत्तरही झालं आणि उपयोगाची माहितीही मिळाली.

पण त्या परिच्छेदाचं शेवटचं वाक्य पुन्हा आठवा. "पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा या कायद्यानुसार ग्राहक ठरत नाही." त्यातला 'नाही' कुठे आला? अगदी शेवटी. चाळणारीची नजर 'ग्राहक' या शब्दापर्यंत जाऊन पुढे सरकली, तर अर्थ नेमका उलटा होतो. आपल्या मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकारही शेवटीच बसतो. इंग्रजी वाक्यात नकार बहुधा मध्येच कळतो. मराठीत वाक्य संपेपर्यंत कळत नाही की हो आहे की नाही. म्हणून मराठी चाळताना एक नियम पक्का धरा: वाक्याची सुरुवात बघितली की शेपटीवरही नजर टाका. 'आहे' की 'नाही', 'येईल' की 'येणार नाही', 'पात्र' की 'अपात्र'. मध्ये 'वगळून', 'खेरीज', 'अन्यथा' असा शब्द दिसला तर थांबा आणि ते वाक्य पूर्ण वाचा.

सरकारी कागदाला तर हा नियम जास्तच लागू होतो. शासन निर्णयाचा कागद चार-सहा पानांचा असतो. वर विषय असतो, मग जुन्या निर्णयांचे क्रमांक, मग प्रस्तावना आणि मग 'शासन निर्णय' अशा मथळ्याखाली खरा निर्णय. गटाच्या बैठकीत असा कागद आला तर जुने क्रमांक वाचत बसू नका. विषय वाचा, तारीख बघा, आणि थेट 'शासन निर्णय' या मथळ्याकडे जा. तिथे पात्रता, लागणारी कागदपत्रं, अर्ज कुठे द्यायचा आणि शेवटची तारीख, एवढं शोधा. पण पात्रतेची वाक्यं सापडली की ती मात्र शेपटीसकट, सावकाश वाचा.

चाळण्यासारखंच दुसरं एक वाचन आहे, ते म्हणजे शोधून वाचणं. मतदार यादीत आपण काय करतो? सगळी नावं वाचत नाही. फक्त आपलं नाव शोधतो, सापडलं की थांबतो. परीक्षेला 'चिपको आंदोलन कोणत्या साली झालं' एवढंच हवं असेल, तर पानावर 'चिपको' हा शब्द शोधायचा आणि जवळचं साल बघायचं, १९७३. त्यासाठी पूर्ण धडा चाळायची गरज नाही. धडा ओळखीचा करायचा असेल तेव्हा चाळा, एकच गोष्ट हवी असेल तेव्हा शोधा.

आता कुणी विचारील, मग सगळंच असं भराभर वाचलं तर? नाही, मैत्रिणींनो. डोळ्याचंही एक गणित आहे. वाचताना डोळा ओळीवरून पाण्यासारखा वाहत जात नाही. तो उड्या मारतो, थांबतो, पुन्हा उडी मारतो. थांबतो तेव्हाच अक्षर दिसतं आणि एकेक थांबा साधारण पाव सेकंदाचा असतो. उड्या लांब घेतल्या की मधली अक्षरं सुटणारच. कीथ रेनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सोबत्यांनी या विषयावरचे बरेच अभ्यास एकत्र करून २०१६ साली सांगितलं की वेग वाढवला की समजणं कमी होतं, यातून कुणाचीच सुटका नाही. म्हणून 'मिनिटाला हजारो शब्द वाचायला शिका' अशी जाहिरात दिसली तर पैसे घालवू नका. चाळण्याचा फायदा वेगळा आहे. धडा आधी ओळखीचा होतो आणि मग नीट वाचायला बसलं की तो लवकर कळतो. म्हणजे चाळल्यावर वाचायचं काम संपत नाही, ते हलकं होतं. फुली केलेला भाग सावकाश, गरज पडली तर दोनदा वाचायलाच हवा.

काही गोष्टी चाळायच्याच नाहीत. गणित चाळता येत नाही. तिथे वहीत उदाहरण सोडवावंच लागतं. विज्ञानातली सूत्रं आणि व्याख्या चाळून भागत नाही. औषधाच्या किंवा फवारणीच्या डब्यावरची सूचना चाळायची नाही. आणि ज्या कागदावर आपली सही किंवा अंगठा उमटणार आहे, तो कागद कधीच चाळायचा नाही.

हे शेवटचं जरा थांबून ऐका. कर्ज देणारा माणूस दारात येतो, घाई करतो. "ताई, नेहमीचंच आहे, इथे सही करा." इथे शब्दन्‌शब्द वाचा. व्याज किती, हप्ता किती, एकूण परत किती करायचे, विम्याचे आणि प्रक्रियेचे पैसे किती कापले, दुसरीचा हप्ता चुकला तर आपल्यावर काय येतं. रिझर्व्ह बँकेने सूक्ष्म कर्जासाठी १ एप्रिल २०२२ पासून नियम लागू केले आहेत. त्यानुसार कर्जाचा करार आणि कर्जाचं कार्ड कर्जदाराला समजेल अशा भाषेत असायला हवं आणि सगळे आकार एका सोप्या माहितीपत्रकात लिहून द्यायला हवेत. तेव्हा "मराठीतला कागद द्या, आम्ही वाचून उद्या सही करतो" असं म्हणणं हा हट्ट नाही, तो तुमचा हक्क आहे. पुस्तकाच्या चाळण्यात चूक झाली तर दोन गुण जातात. इथे झाली तर वर्षाचा कापूस जातो.

ज्या मैत्रिणी अजून अक्षर जुळवून वाचतात, त्यांनी नाराज होऊ नका. शब्द बघताक्षणी ओळखू यायला लागला की मगच चाळणं जमतं. तोवर रोज दहा मिनिटं मोठ्यानं वाचा. लेकराचं तिसरी-चौथीचं पुस्तक चालेल, बसवरच्या पाट्या चालतील. मात्र मथळे वाचायला आजपासूनच लागा. ते मोठ्या अक्षरात असतात आणि थोडे असतात.

गटात हे काम आणखी सोपं होतं. अभ्यास करणाऱ्या चौघी असाल तर एक धडा चार भागांत वाटून घ्या. दहा मिनिटं प्रत्येकीनं आपला भाग चाळायचा, मग दोन-दोन मिनिटांत तो बाकीच्यांना सांगायचा. अठरा-वीस मिनिटांत धडा चौघींच्या ओळखीचा होतो. जिला वाचायला जड जातं तिनं ऐकायचं आणि प्रश्न विचारायचे. ज्या प्रश्नाचं उत्तर कुणालाच देता आलं नाही, तिथे फुली करा आणि तो भाग सगळ्यांनी मिळून नीट वाचा.

परीक्षेच्या दिवशीही ही सवय कामी येते. प्रश्नपत्रिका हातात आली की लगेच पहिला प्रश्न लिहायला घेऊ नका. तीन-चार मिनिटं पूर्ण पत्रिका चाळा. कोणता प्रश्न किती गुणांचा आहे आणि कुठे 'कोणतेही दोन' म्हटलं आहे, ते बघा. दोनच लिहायचे असताना चारही लिहून वेळ घालवणाऱ्या पुष्कळजणी असतात. जे चांगलं येतं ते आधी लिहा. पास व्हायला १०० पैकी ३५ गुण लागतात. येणारं लिहायचं राहून गेलं, असं मात्र होऊ देऊ नका.

या आठवड्याचं काम सांगते आणि थांबते. कोणत्याही विषयाचा, कधीच न उघडलेला, मागचा एक धडा निवडा. घड्याळ लावा, दहा मिनिटं. आधी स्वाध्याय, मग मथळे, मग पहिला आणि शेवटचा परिच्छेद, मग मधली पहिली वाक्यं, वाक्याच्या शेपटीवर नजर. पेन्सिलीच्या खुणा. मग पुस्तक मिटून घरातल्या कुणालातरी चार वाक्यांत धडा सांगा. बैठकीच्या दिवशी पुस्तकं सोबत आणा आणि कुणाच्या पानावर किती फुल्या पडल्या ते एकमेकींना दाखवा. जास्त फुल्या पडल्या म्हणून लाजायचं कारण नाही. कोणत्या पानावर काम करायचं ते जिला कळलं, तिचा अभ्यास सुरू झाला.